श्राव्य पुस्तकांच्या अ‍ॅपमधील बटणांना नावे हवीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दृष्टी गेल्यावर मी पुस्तके ऐकू लागलो, त्याला आता अकरा वर्षे झाली. मोबाइलवर श्राव्य पुस्तकांचा साठा वाढतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती ज्या अ‍ॅपवर ऐकायची ते अ‍ॅप घडवताना आमच्यासारख्या श्रोत्यांचा विचार क्वचितच झालेला दिसतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

आयफोनमधील ‘व्हॉइसओव्हर’ किंवा अँड्रॉइडवरील ‘टॉकबॅक’ बोटाखाली काय आहे ते आम्हाला बोलून सांगते. त्यासाठी प्रत्येक बटणाला अ‍ॅप तयार करतानाच नाव द्यावे लागते. मी वापरतो त्या अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीत ही नावेच गळाली असून, पडद्यावरून बोट फिरवले की ‘बटण’, ‘बटण’, ‘बटण’ एवढेच ऐकू येते. थांबवण्याचे तिसरे, पुढच्या प्रकरणाचे चौथे, असे मी मोजून लक्षात ठेवले आहे. परवा मोजण्यात चूक झाली आणि अर्धे ऐकून झालेले पुस्तक फोनमधून पुसले गेले.

मागे-पुढे नेणाऱ्या पट्टीचा त्रास याहून मोठा आहे. डोळसांना ती बोटाने हवी तिथे नेता येते; व्हॉइसओव्हर चालू असताना माझ्याकडे ती एका खेपेला दहा टक्के सरकते. म्हणजे दहा तासांच्या पुस्तकातले निसटलेले एक वाक्य पुन्हा ऐकायचे, तर मी थेट तासभर मागे जाऊन पडतो आणि मूळ जागा शोधत बसतो. तीस सेकंद मागे नेणारे एक बटण दिले तरी ही पायपीट वाचेल. खरे तर प्रकरण, पान, वाक्य अशा टप्प्यांनी पुस्तकात हिंडण्याची सोय ‘डेझी’ या अंध वाचकांसाठीच्या डिजिटल स्वरूपातील पुस्तकांत फार पूर्वीपासून आहे. त्यासाठीची डेझी कन्सॉर्टियम ही संस्था १९९६ मध्येच स्थापन झाली.

ज्यांना थोडेफार दिसते, त्यांची अडचण निराळी. अक्षरे मोठी केली की बटणे पडद्याबाहेर जातात, आणि करड्यावर फिकट करडी अक्षरे तर त्यांना दिसतच नाहीत. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ असावा, असे स्पष्ट सांगितले आहे.

आम्हाला अंधांसाठीचे वेगळे अ‍ॅप नको आहे. सर्वांचे आहे तेच आम्हालाही वापरता यावे. त्यासाठी अ‍ॅप तयार करणाऱ्यांनी आराखड्याच्या टप्प्यापासूनच रोज पुस्तके ऐकणाऱ्या दोन-तीन अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना योग्य मानधन देऊन सोबत घ्यावे आणि प्रत्येक नवी आवृत्ती आधी त्यांच्या हाती द्यावी. पुस्तक शोधणे, सुरू करणे, थोडे मागे नेणे आणि दुसऱ्या दिवशी सोडल्या जागेवरून पुन्हा ऐकणे, ही चार कामे त्यांना कुणाच्या मदतीशिवाय जमेपर्यंत ती आवृत्ती बाहेर सोडू नये, ही विनंती.

आपला नम्र,
एक दृष्टिहीन श्रोता