वारीला निघायच्या आधी, गोळ्यांबद्दल

ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर गोळ्यांचा विषय काढला की बाबा तुम्ही "हो गं माहितीये सगळं" म्हणता आणि फोन आईकडे देता, आणि आई विचारते जेवलीस का, म्हणून हे लिहूनच पाठवतेय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, ती वारीच्या पिशवीत राहू दे. वारीला जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, दोघं जोडीने माउलींसोबत चालत जाताय याचा मला किती आनंद झालाय ते तुम्हाला माहितीये. पण मेडिकलच्या काउंटरवर रोज बसून मला एक दिसतं, की लोक गोळी वेळेवर घेतात आणि जेवणाचं मात्र काहीच बघत नाहीत, आणि वारीत नेमकं तेच सांभाळायचंय.

बाबा, तुमची सकाळची शुगरची गोळी एकच दिसते पण तिच्यात दोन औषधं आहेत, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय बघा. मेटफॉर्मिन लिव्हरमधून रक्तात येणारी साखर कमी करतं, एकटं असलं तर सहसा शुगर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवला असाल नसाल, आणि एकदा घेतलं की जवळजवळ दिवसभर त्याचं काम चालू राहतं. घरी चालून जातं कारण आई आठला नाश्ता आणि एकला पान वाढतेच. वारीत रोज इतकं चालणं, चालताना स्नायू आणखी साखर ओढून घेतात, आणि पंगत कधी बसेल ते दिंडीच्या हातात.

आता पालखी पुण्यातून सासवडला निघते तो दिवस बघा. ज्येष्ठ वद्य एकादशी असते ती, म्हणजे उपास, आणि त्याच दिवशी दिवे घाट, एकूण तीस किलोमीटरच्या वरचा टप्पा. तुम्ही पहाटे नेहमीसारखी गोळी घेणार, वर चहा आणि एखादं केळं, आणि वडकीला पोचून घाट चढायला लागणार तेव्हा गोळी पूर्ण जोरात असणार आणि पोटात काही नसणार. मला खरी भीती या एका दिवसाची वाटते. आणि पुढे पंढरपुरात आषाढी एकादशी आहेच.

गोळी तुमची तुम्ही बंद करू नका, अर्धी पण करू नका, ती सावकाश विरघळणारी गोळी आहे, तोडायची किंवा कुटायची नसते. निघायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन सरळ विचारा की मी रोज एवढं चालणार आहे आणि दोन एकादश्या आहेत, तर तेवढ्या दिवसांसाठी नुसत्या मेटफॉर्मिनची वेगळी गोळी देता येईल का आणि ग्लिमेपिराइड कमी करायचं का. मागच्या रिपोर्टमध्ये तुमचं शुगरचं तीन महिन्यांचं ॲव्हरेज (HbA1c) ६.८ आलं होतं, म्हणजे थोडं सैल सोडायला जागा आहे असं मला वाटतं, पण ठरवायचं त्यांनी. रिपोर्टची फाइल न्या, तोंडी सांगू नका.

शुगर लो झाली की घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, डोकं चालेनासं होतं आणि माणूस उगाच चिडतो. पण घाटात घाम सगळ्यांनाच येतो, आणि तुमची बीपीची मेटोप्रोलोलची गोळी धडधड आणि थरथर झाकून टाकते, म्हणजे तुम्हाला स्वतःला कळायला उशीर होणार. म्हणून ग्लुकोमीटर दिंडीच्या ट्रकमध्ये सामानात ठेवायचा नाही, खांद्यावरच्या पिशवीत ठेवायचा. घाट चढायच्या आधी एकदा बघा. सत्तरच्या खाली असेल तर थांबायचं, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, अजून कमी असेल तर परत तेवढंच, आणि वर आली की लगेच काहीतरी खायचं, केळं, राजगिऱ्याचा लाडू, काही पण. आधीच लाडू किंवा पेढा घेऊ नका, तूप आणि दाणे असले की साखर रक्तात जायला वेळ लागतो. या गोळीने लो झालेली शुगर काही तासांनी परत पडू शकते, त्यामुळे बरं वाटलं म्हणून लगेच चालायला लागायचं नाही, जवळच्या वैद्यकीय पथकाला दाखवायचं. आई, तू सोबत असणार म्हणून तुला सांगते, बाबा बोलताना अडखळले किंवा विचित्र वागायला लागले तर वाद घालू नकोस, साखरेचं पाणी पाज. शुद्ध नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच १०८.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि अन्न पोटात राहत नसेल तर शुगरची कुठलीच गोळी घ्यायच्या आधी मला किंवा डॉक्टरांना फोन करा, रात्री कितीही वाजता.

आई, तुझी थायरॉइडची गोळी. दिंडीत तीन-साडेतीनला उठवतात आणि उठल्या उठल्या चहा येतो, आणि तू आग्रहाला नाही म्हणत नाहीस. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घे आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने घे, तोवर तुझी आंघोळ आणि आवराआवर होईल. चहाबरोबर घेतली तर ती नीट अंगात शोषली जात नाही. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणानंतर, दोन्हींमध्ये चार तास हवेत. एखादा दिवस राहिली तर घाबरू नकोस, हे औषध शरीरात बरेच दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशीपासून नेहमीसारखी सुरू कर. आणि पावसाळा आहे, गोळ्या डबीतून काढून प्लॅस्टिकच्या पुडीत बांधू नकोस, त्यांना ओल चालत नाही, डबीच ने.

शेजारचे तात्या पण येताहेत ना, त्यांना इन्सुलिन आहे. त्यांना एवढं सांगा की चालू असलेली बाटली साधारण महिनाभर फ्रिजशिवाय चालते पण ट्रकच्या केबिनमध्ये काचेमागे ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवा, फडकं वाळू देऊ नका. आणि वाटेत सिरिंज घ्यावी लागली तर त्यांच्या बाटलीवर ४० लिहिलंय, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, म्हणून सिरिंजही ४० चीच, लाल टोपीची. शंभरची घेऊन वीसच्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात आठच युनिट जातात आणि त्यांना कळणारही नाही की शुगर का वाढतेय.

गुडघ्यावर रामबाण म्हणून वाटेत बिनलेबलच्या पुड्या विकायला असतात, त्या दोघांनीही घ्यायच्या नाहीत. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, दोन दिवस गुडघा हलका वाटतो आणि शुगर तीनशेला जाते. दुखलं तर मी पॅरासिटामॉल देऊन ठेवलंय तेच घ्या. बाबा, रात्री झोपायच्या आधी तळपाय आईला बघायला सांगा, तुम्हाला फोड आलेला कळत नाही.

औषधं मी दोन सेट करून पाठवतेय, एक बाबांच्या पिशवीत आणि एक आईच्या, एक भिजली तर दुसरी राहील. डॉक्टरांकडे या आठवड्यातच जाऊन या आणि ते काय म्हणाले ते मला कळवा, गोळी बदलली तर नवी स्ट्रिप मी त्याच पार्सलमध्ये टाकते.

तुमची,
पमी