गोळ्यांनी हिरडीखालचं किटण निघत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य आहे. मागच्या मंगळवारी कापूस वेचणीचा खाडा करून एक काकू ओपीडीत आल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी एक पन्नी काढली. आत गोळ्यांची चार रिकामी पाकिटं होती, अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल या दोन प्रतिजैविकांची. "गोया खाल्ल्या का आठ-पंधरा दिवस बरं वाटते, मंग पुन्हा रगत येते. दात त हालूनच रायले," त्या म्हणाल्या.

हिरडी आणि दाताच्या फटीत मी मोजपट्टीची सळई घातली. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही, इथे सात गेली. तळाला सळई खरखरली. ते किटण होतं, दगडासारखं, मुळाला घट्ट धरलेलं.

हा पायरिया, म्हणजे हिरडीचा रोग. त्याचे जंतू सुटे हिंडत नाहीत. चिकट थर करून ते किटणावर बसतात आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. म्हणून आधी थर फोडायचा, हिरडीखाली जाऊन मुळं स्वच्छ करायची. खरा इलाज हाच. औषध त्याच्या जोडीला, आणि तेही निवडक रुग्णांना. तरुण वयात दाताभोवतीचं हाड झपाट्यानं झिजत असेल, तर सफाईसोबत याच दोन प्रतिजैविकांचा आठवडाभराचा कोर्स उपयोगी पडतो. खोल फटीत क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची चकती ठेवता येते. डॉक्सिसायक्लिन २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काही महिने, असाही एक उपचार आहे. इतक्या कमी मात्रेत ते जंतू मारत नाही, पण हिरडीच्या ऊती तोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) आवर घालतं. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही सरसकट प्रतिजैविकं देऊ नका असंच म्हटलं आहे.

आमच्याकडे मात्र नुसती जोडच उरली आहे. स्केलिंगचं, म्हणजे किटण काढायचं, मशीन सात महिन्यांपासून बंद आहे. हातानं साफ करायचं तर एका रुग्णाला तास लागतो आणि बाहेर चाळीस जण बसलेले असतात. मग चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या जातात. मीही लिहिल्या आहेत, आणि ते मला सलतं. आज हिरडीसाठी उगाच खाल्लेलं प्रतिजैविक उद्या न्यूमोनियात लागू पडलं नाही, तर जाब कोणाला विचारायचा?

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवा, असं सांगितलं जातं. तिथे एकदा जाऊन भागत नाही, तीन-चार खेपा लागतात. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं, वर एका दिवसाची मजुरी बुडते. वेचणीच्या दिवसांत कोण जाईल?

काकूंना शुगरही आहे. हिरडीची नीट सफाई झाली की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा टक्क्यांतला आकडा, सरासरी ०.३ ते ०.४ अंकांनी उतरतं, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. त्या दर महिन्याला शुगरच्या गोळ्या न्यायला आमच्याच इमारतीत, माझ्यापासून दोन खोल्या पलीकडे येतात. "हिरडीतून रक्त येतं का?" असं तिथे त्यांना कोणी विचारलेलं नाही.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाबद्दल, वेगळं पत्र लिहावं लागेल. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर खर्रा घोटून मिळतोच. जिथे तो दाबून ठेवतात तिथली हिरडी मुळापासून सरकलेली मी रोज पाहते.

महोदय, बंद पडलेलं मशीन महिन्याच्या आत दुरुस्त व्हावं आणि त्याची टोकं संपली की लगेच मिळावीत. सफाईसाठी प्रशिक्षित दंत आरोग्यकाचं एक पद द्या. मधुमेहाच्या तपासणी कागदावर हिरडीचा तो एक प्रश्न छापा. आणि सफाई न करता पायरियासाठी प्रतिजैविक लिहू नये, असं परिपत्रक काढा. आधी मशीन द्या, मग परिपत्रक, नाहीतर आमच्या हाती गोळ्याही राहणार नाहीत.

काकूंच्या तोंडाचे चार भाग करून एक भाग मी त्या दिवशी हातानं साफ केला. उरलेल्या तिन्हींसाठी त्यांना येत्या मंगळवारी पुन्हा बोलावलं आहे.

आपली,
एक ग्रामीण दंतवैद्य, यवतमाळ जिल्हा