सेन्सरच्या किती नोंदी पोचल्या, तेही छापा

मा. संपादक,

वायरलेस सेन्सर जाळ्याची बातमी आली की 'अमुक इतके सेन्सर बसवले' हा आकडा तिच्यात असतोच. त्या सेन्सरच्या किती नोंदी रोज गेटवेपर्यंत, म्हणजे सगळ्या नोंदी गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत पोचतात, हे मात्र माझ्या वाचनात कधी आलेले नाही. गेली नऊ वर्षे मी अशा जाळ्यांची देखभाल करते, म्हणून हे पत्र.

मातीतला ओलावा मोजणारे एक जाळे माझ्याकडे होते. पडद्यावर सगळे ठिपके हिरवे. जागेवर जाऊन पाहिले, तर सर्वांत लांबचे चार नोड (सेन्सर, रेडिओ आणि बॅटरी असलेल्या डब्या) तीन दिवसांपासून गप्प होते. नवी नोंद आली नाही की पडदा जुनीच नोंद दाखवत राहायचा. त्या तीन दिवसांत भरपूर पाऊस झाला होता. हे नोड ज्यांवरून नोंदी पाठवतात, त्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी ओली पाने शोषून घेतात. म्हणजे ओलाव्याची नोंद ज्या दिवशी सर्वांत जास्त हवी, त्याच दिवशी ती वाटेत हरवते. तेव्हापासून हिरव्या ठिपक्यावर माझा विश्वास बसत नाही.

लांबच्या नोडची नोंद एका नोडकडून शेजारच्या नोडकडे, अशी टप्प्याटप्प्याने गेटवेपर्यंत जाते. एका टप्प्यावर १०० पैकी ९० पॅकेट (नोंद वाहून नेणारे छोटे संदेश) पोचतात असे धरू. ऐकायला बरे वाटते, पण गेटवे दहा टप्पे लांब असेल तर शेवटी जेमतेम ३५ पोचतात. हरवलेले पॅकेट दर वेळी मूळ नोडपासून पुन्हा पाठवले, तर एक नोंद पोचवायला सरासरी १९ प्रक्षेपणे लागतात. तेच प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या नोडने पोचपावती दिली आणि ती न मिळाल्यास तिथूनच पुन्हा पाठवले, तर ११ प्रक्षेपणांत काम होते. पोचपावतीचा खर्च वेगळा, पण अशा कमी शक्तीच्या रेडिओंसाठीच्या आयईईई ८०२.१५.४ या मानकात ती अवघी ५ बाइटची असते आणि पॅकेट १२७ बाइटपर्यंत जाऊ शकते. 'भरवसा हवा तर बॅटरी जाणार' असे मला अनेकदा ऐकवले जाते, ते मला म्हणूनच पटत नाही.

बॅटरी खरी खाते ते नुसते कान देऊन बसणे. सीसी२४२० या रेडिओला ऐकताना १८.८ मिलिअँपिअर लागतात आणि पूर्ण जोराने पाठवताना १७.४! शेजारचे नोड ठरल्या वेळी जागे झाले, बाकी वेळ झोपले, तर बॅटरी टिकते. त्यातही गेटवेजवळचे नोड सगळ्यांचे ओझे वाहतात. मी बदललेल्या बॅटऱ्यांत बहुतेक त्यांच्याच होत्या.

आपल्या बातमीदारांना विनंती आहे, पुढच्या वेळी बसवणाऱ्यांना एवढे विचारावे: प्रत्येक नोडच्या शंभरातल्या किती नोंदी पोचतात, पावसात किती पोचतात, आणि न आलेल्या नोंदीची जागा पडद्यावर रिकामी दिसते का?

आपली,
सेन्सर जाळ्यांची देखभाल करणारी एक वाचक