पाण्याखाली क्रोनोग्राफची बटणे दाबू नयेत

महोदय,

घड्याळाच्या तबकडीवर ‘२०० मीटर’ असे छापलेले दिसले, की क्रोनोग्राफची (म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळाची) बटणेही पाण्याखाली बिनदिक्कत वापरता येतात, असा समज तारकर्ली-मालवणच्या समुद्रात डायव्हिंगला उतरणाऱ्या हौशी मंडळींमध्येही आढळतो, आणि तो दूर होणे निकडीचे आहे. हा आकडा सर्वसाधारणपणे बटणे न दाबलेल्या घड्याळासाठी असतो. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका, वाढतो. अशा दाबाखाली बटण दाबले, की त्याची दांडी रबरी कडीतून आत सरकते आणि तेवढ्यात खारे पाणी यंत्रात शिरू शकते. स्क्रूने आवळलेली बटणे पाण्याखाली सैल करणे तर त्याहून धोक्याचे.

ओमेगाच्या सीमास्टर मालिकेतील काही क्रोनोग्राफ किंवा ब्रायटलिंगची चुंबकीय बटणांची घड्याळे मुद्दाम पाण्याखालील वापरासाठी घडवलेली आहेत, पण ते अपवाद होत. एरवी वेळ मोजायला तबकडीभोवतीची फिरती कडाच वापरावी: बुडी मारताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर आणली, की पुरे. ती एकाच दिशेने फिरते, त्यामुळे चुकून धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. हवेचा साठा मर्यादित असताना ही रचना मला फार मोलाची वाटते.

विक्रेत्यांनी ही माहिती ग्राहकाला घड्याळ देतानाच, मराठीतून, स्पष्टपणे सांगावी, ही विनंती.

– एक वाचक, मालवण