उरलेले पाच चेंडू

आदरणीय स्कोअरर काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहिलंच. त्या रविवारी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर भेटलात, दीड तास दिलात आणि सामना संपल्यावर वही पिशवीत घालून निघूनही गेलात. म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

मुलाला सोसायटीच्या गणपतीत पाच मिनिटं बोलायचं होतं. विषय नाशिकचा खेळाडू, म्हणून बापू नाडकर्णी. भाषण मीच लिहून दिलेलं: जन्म नाशिक, ४ एप्रिल १९३३, ४१ कसोटी, १४१४ धावा, ८८ बळी, आणि जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ओळीनं २१ निर्धाव षटकं. 'जगातला सर्वांत कंजूस गोलंदाज' या वाक्याला टाळ्या पडणार, असा माझा हिशेब. पोरगं तुमच्या टेबलामागे उभं राहून घोकत होतं. "सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही," असं म्हणालं आणि तुम्ही मान वर न करता विचारलंत, "एकवीस सक किती रे?"

एकशे सव्वीस.

"मग वरचे पाच कुठून आणलेस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मैदानाकडे.

तुम्ही वहीतलं कोरं पान त्याच्यापुढे सरकवलंत. खोक्यात वर तीन टिंबं, खाली तीन टिंबं. षटक निर्धाव गेलं की रेघ ओढून त्यांचा 'एम' करायचा. मग म्हणालात, एका षटकात एक जरी धाव गेली तरी त्याचा एम होत नाही, पण बाकीची टिंबं तिथेच असतात की! एमच्या रांगेच्या आगेमागे बघायचं, पाच तिथे सापडतील. नंतर त्या डावातले बापूंचे चारही स्पेल, म्हणजे एका दमात टाकलेली षटकं, पाठ असल्यासारखे लिहून दिलेत, षटकं-निर्धाव-धावा-बळी या क्रमानं: ३-३-०-०, ७-५-२-०, १९-१८-१-०, ३-१-२-०. बेरीज ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. मी हे आकडे पूर्वी वाचले होते. पण पोराला एकामागून एक एकवीस एम काढताना, मध्येच हात झटकताना पाहिलं, तेव्हा त्या डावऱ्या हाताचे काय हाल झाले असतील ते पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

तुम्ही भक्तिभावानं बोलला नाहीत, हेही आवडलं. इंग्लंडचे बरेच खेळाडू पोटानं बेजार, त्यांचे फलंदाज बोलस आणि बॅरिंग्टन फटके मारायला आलेच नव्हते, हे तुम्हीच सांगितलंत. पाचही कसोट्या अनिर्णित सुटलेली ती मालिका. (खरं सांगायचं तर मी प्रेक्षकांत असतो तर डुलकी काढली असती.)

पण 'कंजूस' शब्दावर मात्र तुम्ही पेन आपटलंत. त्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी करायची वेळ आली, तेव्हा बापू पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्यात नाबाद १२२. त्याच वर्षी पुन्हा मद्रासला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३१ धावांत ५ बळी आणि ९१ धावांत ६. सामना गेला ती गोष्ट वेगळी. १९६८ मध्ये वेलिंग्टनला ४३ धावांत ६, आणि त्या दौऱ्यावर भारतानं परदेशात पहिल्यांदा मालिका जिंकली. "एवढं करूनही माणसाच्या नावावर शिल्लक काय, तर धावा न देणं," म्हणालात. माझ्या भाषणात यातलं एकही वाक्य नव्हतं.

खेळपट्टीवर नाणं ठेवून बापू त्यावर टप्पा टाकायचा सराव करायचे, असं सांगतात. पोरानं पार्किंगमध्ये पाचचं नाणं ठेवून पाहिलं. टेनिस बॉल, तीस चेंडू, दोनदा लागला. दुसऱ्या वेळी नाणं वॉचमनच्या खुर्चीखाली गेलं.

भाषण त्यानं स्वतःच नव्यानं लिहिलं. सुरुवातीलाच मंडपाला विचारलं, "एकवीस सक किती?" मागच्या रांगेतल्या आज्या पटकन बोलल्या. "मग पाच कुठले?" यावर सगळे गप्प. पाचची सात मिनिटं झाली, पण कुणी घंटी वाजवली नाही.

तुमचं पान फ्रिजवर लावलंय. चौदाव्या खोक्यात पठ्ठ्यानं सात टिंबं दिलीत. तुमच्या नजरेतून हे कसं सुटलं कोण जाणे. दुरुस्त करायला घेऊन येतो. कोणत्या रविवारी असता तेवढं कळवा, चहा आमच्याकडून.

आपला,
टेबलामागे उभा असलेला बाप