फोनवर सांगता आलं नाही म्हणून

मुंबई, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

या आठवड्यात तीनदा सांगायचं ठरवून फोन केला आणि तिन्ही वेळा ‘भाजी काय केलीस’ याच्यापुढे जीभ रेटली नाही. म्हणून लिहितेय. मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. दिला त्याला चार महिने होतील. ऑक्टोबर संपता संपता मी डब्लिनला जातेय, कायमची राहायला.

बाबा, आधी खुर्चीत बसा, चष्मा लावा आणि पुढचं सावकाश वाचा.

इतके दिवस लपवलं, ते रोज टोचतं. राजीनामा एप्रिलच्या शेवटी दिला आणि दोनच आठवड्यांनी तुम्ही आयसीयूत होतात. त्या काचेबाहेर उभी राहून काय सांगणार होते? राजीनामा मागे घ्यावा असंही दोन रात्री मनात आलं. पण माझ्यासारख्या को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि कॅप्टनला वर्षाची. 2017 पासून डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचा, तसा नियमच आहे. म्हणजे पुढच्या वर्षी कॅप्टन होऊन मग निघायचं म्हटलं, तर तिथून आणखी एक वर्ष. तुमच्या जावयांना तिकडे जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या परमिटवर बायकोलाही वेगळं परमिट न काढता आयर्लंडमध्ये नोकरी करता येते. असं किती दिवस दोघांनी दोन स्वयंपाकघरांत एकेकट्याने जेवायचं?

तुम्हाला चौथ्या पट्टीचंच, कॅप्टनच्या खांद्यावरच्या त्या पट्टीचंच लागेल, माहीत आहे. शोकेसमध्ये माझ्या पहिल्या सोलोच्या फोटोशेजारची जागा तुम्ही कुणालाच भरू दिली नाहीत. दादाच्या लग्नाचा फोटोसुद्धा खालच्या फळीवर गेला. ती जागा तशीच ठेवा. पट्टी येईल, थोडी उशिरा येईल, एवढंच.

लायसन्स वाया जाणार नाही. ज्या देशात विमानाची नोंद, त्या देशाचं किंवा त्या देशाने मान्य केलेलं लायसन्स लागतं, हा जगभरचा नियम. आपल्या विमानांवर व्हीटी लिहिलेलं असतं, आयर्लंडच्या विमानांवर ईआय. युरोपात आपलं लायसन्स नुसतं बदलून देत नाहीत. 13 विषयांच्या लेखी परीक्षा पुन्हा द्यायच्या, प्रत्येकात 75 टक्के हवेत, पहिल्या पेपरपासून साधारण 18 महिन्यांत सगळे सुटायला हवेत आणि एका विषयाला चारच संधी. वैद्यकीय तपासणी नव्याने, आणि शेवटी परीक्षकासमोर टेस्ट. पण लॉगबुकातले 3,100 तास माझेच राहतात. गोंदियाला विमान शिकतानाचे पहिले 200 सुद्धा. महाराष्ट्र एक्सप्रेसने एक दिवस नि एक रात्र बसून तुम्ही मला भेटायला आला होतात आणि हँगरच्या सावलीत उभं राहून माझं लँडिंग बघितलं होतंत, तेही त्यात आहे. एकदा आयरिश लायसन्स मिळालं की ते युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत चालतं.

बाबा, रेल्वेत इंजिन चालवताना सेक्शन बदललं की तुम्हीही पुन्हा लर्निंग रोड करायचात ना? इतकी वर्षं गाडी चालवलेला माणूस दुसऱ्याच्या शेजारी उभा राहून सिग्नल कुठे, चढ कुठे, वळण कुठे हे नव्याने पाठ करायचा. तेव्हा कुणी म्हटलं नाही की तुम्हाला गाडी चालवता येत नाही. मी तेच करतेय. मे महिन्यापासून मुक्कामाच्या हॉटेलात हवामान आणि परफॉर्मन्सची पुस्तकं उघडून बसते. झोप यायला लागली की तुमचा हॉर्न आठवतो. क्वार्टर्सपाशी गाडी आली की दोनदा वाजायचा आणि आई मला कडेवर घेऊन मागच्या दारात यायची. मला वाटायचं, जगातल्या सगळ्या गाड्या मलाच हाक मारतात.

आई, वर्ष-दीड वर्ष माझा पगार नसेल, पण पाटल्यांचं नाव काढायचं नाहीस. एकदा झालं ते पुरे झालं. परीक्षांचे आणि क्लासचे सगळे पैसे मी बाजूला ठेवलेत. तिथे घराला हीटर आहे, चालत दहा मिनिटांवर भारतीय दुकान आहे, ज्वारीचं पीठही मिळतं. बांधून देताना एवढं लक्षात ठेव: तूप, पेढे, खव्याचं काहीही नको, दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. मेतकूट दे, भडंग दे. तूप मी तिथल्या लोण्याचं कढवेन, तू शिकवलंस तसं, विड्याचं पान नाही मिळालं तरी.

आता नीट ऐका दोघं. बाबा, रक्त पातळ होण्याची गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, कोणीही काही सांगू दे. माळ्यावर चढायचं नाही. गणपतीची आरास दादा काढून देईल, मी बोललेय त्याच्याशी. आई, गुडघ्याचे व्यायाम तू करत नाहीस हे मला दादाकडून कळतं. गॅस, वीज, फोन, सगळी बिलं मी तिथून भरेन. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात आमचे दुपारचे चार. रोज त्याच वेळी फोन करेन, पेपर असला तरी. आणि कधीही, काहीही झालं, तर लगेच कळवायचं. माझ्यासारखं लपवून ठेवायचं नाही.

रागावलात तर रागवा. मी शनिवारी सकाळी महालक्ष्मीने मिरजेला येतेय, गौरी जाईपर्यंत आहे. समोर बसून रागवा. पहाटे स्टेशनवर यायचं नाही, बाबा, रिक्षा मिळते. फक्त तुमची सेक्शनची काळी डायरी कपाटातून काढून ठेवा. डब्लिनला नेईन म्हणते.

तुमची
चिऊ