कपाटातली हार्ड डिस्क शेवटची कधी वाचलीत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून २०११ पासून पाळला जातो. त्या सुमारास 'फोटो, कागदपत्रे हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा' असा सल्ला हमखास वाचायला मिळतो. सल्ला खरा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा मला ठेच लागल्यावर कळला, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षे मुद्रितशोधक होतो. वडील थकल्यावर त्यांच्याशी झालेल्या गप्पा मी रेकॉर्ड करत गेलो. अशी ४६ रेकॉर्डिंग झाली. प्रत्येकाचा क्रमांक, तारीख आणि विषय एका वहीत लिहिला, फाइली हार्ड डिस्कवर घातल्या आणि डिस्क कपाटात ठेवून दिली. सहा वर्षांनी वाटले, जुनी झाली, आता नवीन घ्यावी. घेतली आणि रात्री कॉपी लावून बसलो. मध्येच हिरवी पट्टी अडली. डिस्कमधून बारीक टक्-टक् ऐकू येऊ लागली. पडद्यावर प्रश्न आला: ही फाइल वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करू की वगळू? मी 'सगळ्यांसाठी हेच' या चौकोनात खूण केली, 'वगळा' दाबले आणि झोपायला गेलो. सकाळी काम पूर्ण झालेले दिसले. जुनी डिस्क पुसून भाच्याला देऊन टाकली.

वर्षभराने बहिणीने तेविसावे रेकॉर्डिंग मागितले. फोल्डरमध्ये २२ नंतर एकदम २५. वही काढून एकेक ताडून पाहिले, तर ४६ पैकी नऊ गायब!

आमच्या कामात एक गोष्ट पहिल्याच महिन्यात शिकवतात. चुकीचे अक्षर डोळ्याला टोचते, गळलेली ओळ टोचत नाही. वरची ओळ खालच्या ओळीला बेमालूम जुळली की वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून प्रूफ नुसते वाचायचे नसते, मूळ प्रतीशी ताडायचे असते. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून चालायचे. हे जन्मभर केलेल्या माणसाने स्वतःच्या वडिलांचा आवाज 'वगळा' म्हणून सोडून दिला, याला काय म्हणावे?

संगणकाला हे ताडणे फार सुरेख जमते. त्यासाठी तो जी खूण वापरतो तिला चेकसम म्हणतात. एसएचए-२५६ या पद्धतीत कुठल्याही फाइलची, मग ती चिठ्ठीएवढी असो की तीन तासांचा व्हिडिओ, ६४ अक्षरांची एक खूण तयार होते. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी खूण पालटते. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींमध्ये ही सोय मुळातच आहे, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. फाइली धडधाकट असतानाच त्या सगळ्यांच्या खुणांची यादी करायची आणि तिची प्रत प्रत्येक डिस्कवर ठेवायची. मी दर सहा महिन्यांनी दोन्ही डिस्क आळीपाळीने जोडतो आणि सगळ्या फाइली यादीशी ताडून घेतो. काही तास लागतात, पण ते संगणकाचे. मी तोवर पेपर वाचतो. फाइल गळली किंवा बिघडली असेल तर तिचे नाव समोर येते, आणि तेही दुसरी प्रत शाबूत असताना. दोन्ही डिस्क मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या आहेत. एकाच खोक्यातल्या जुळ्या बहिणी एकदमच आजारी पडण्याची भीती असते. एक माझ्याकडे राहते, एक बहिणीकडे.

'आमची डिस्क तर वापरातच नाही, मग झिजेल कशी?' असे पुष्कळ जण विचारतात. डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगते. ज्या कागदावर हे पत्र छापले जाईल, त्याची जाडी या अंतराच्या हजारो पट भरेल. पूर्वी थांबताना हेड तबकडीवरच टेकत आणि डिस्क फार दिवस पडून राहिली की कधी कधी तिथेच चिकटून बसत. आता बहुतेक डिस्कमध्ये ते बाजूच्या उतरत्या पट्टीवर सरकते. तरी धक्का, दमट हवा आणि उष्णता हे शत्रू कायम आहेत. माझ्या डिस्क अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून जपणाऱ्या) पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसकट, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतात. वरच्या कप्प्यातून एकदा पडली की संपले. गार जागेतून आणल्यावर आत दव धरू नये म्हणून काही तास तशीच ठेवून मग जोडावी. प्रत्येकीबरोबर तिची केबलही त्याच पिशवीत. डिस्क सुस्थितीत आहे, पण तिच्या तोंडाची केबल घरात कुणाकडेच नाही, हा प्रसंगही मी पाहिला आहे. आणि टक्-टक् ऐकू आली तर ताबडतोब बंद करावी. फ्रीजमध्ये ठेवून पाहण्याचा उपाय अजून कुणी ना कुणी सुचवतो. कृपया करू नये.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. तिथे 'रिअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेल्या) आणि 'पेंडिंग' (संशयित) सेक्टरचे, म्हणजे तबकडीवरच्या बारीक तुकड्यांचे, आकडे शून्यावरून हलले की सावध व्हावे. पण शून्य दिसले म्हणून निर्धास्तही राहू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर या नोंदीतल्या चार ठळक धोक्याच्या खुणांपैकी एकही उमटली नव्हती.

पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) यांबद्दल एवढेच, की त्यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता पडून राहिल्यास तो हळूहळू झिरपतो. रोजच्या कामाला उत्तम, वर्षानुवर्षे कपाटात टाकायला नाही.

वॉरंटीचेही सांगतो. पुढे एक डिस्क मुदतीत बिघडली. कंपनीने बिनतक्रार बदलून दिली, अगदी कोरी करकरीत! वॉरंटी डिस्कची असते, आतल्या मजकुराची नसते, हे खोक्यावर एवढ्या बारीक टाइपात होते की प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतूनही सुटले.

तेव्हा विनंती अशी, की आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी 'बॅकअप घ्या' असे छापाल, तेव्हा त्याखाली 'आणि मूळ प्रतीशी ताडून पाहा' ही ओळ जरूर घाला. जागा कमी पडली तरी ती गाळू नका.

नऊपैकी दोन रेकॉर्डिंग बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर सापडली. उरलेल्या सात क्रमांकांसमोर मी वहीच्या समासात लाल शाईने काकपद, म्हणजे गळलेल्या मजकुराची खूण, करून ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक